बाबांनी वायर उपटली

आमची ताई कुणी मोठी विदुषी नाही. दिवसभर एका कॉलेजात बंद पडलेले कॉम्प्युटर उघडते आणि घरी येऊन बिनपगारी काम करते. जगभरातली माणसं मिळून लिहितात, कुणीही उघडून बघावी, सुधारावी अशी एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ताईची लुडबुड चालते. मी रंगारी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ही गोष्ट मीच सांगणार, कारण तिच्या तोंडून ती तुम्हाला कधीच ऐकायला मिळणार नाही.

बाबांना दिसत नाही. त्यांच्या कॉम्प्युटरला एक ब्रेल पट्टी जोडलेली आहे. तिच्यावर अक्षरांचे ठिपके उठतात आणि बाबा बोटांनी पेपर वाचतात. पण वायर जरा निसटली की अख्खा कॉम्प्युटर ठप्प. मग कुणी घरी येईपर्यंत बाबा पट्टीवर बोटं ठेवून तसेच बसून राहायचे. मला ते बघवत नसे.

पट्टीची कंपनी केव्हाच बुडाली होती. त्यात कर्नलच्या मुख्य माणसानं, ताई त्याला हेडमास्तर म्हणते, कळवलं: पट्टी चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, पुढच्या आवृत्तीपर्यंत सुधारा, नाहीतर काढून टाकतो. तो काढला की बाबांचं वाचन संपलं.

ताईनं दुरुस्ती पाठवली. वायर निघाली का, हे जागोजागी तपासणाऱ्या दीडशे ओळी वाढवल्या. उत्तर आलं, "ठिगळं नकोत. कमी काय केलंत ते सांगा." ताईचा चेहरा पडला. मी हेडमास्तरला दोन शिव्या घातल्या आणि विचारलं, "बिघडतंय तरी काय?"

"पट्टी जोडली की ड्रायव्हर आधी मेमरी घेतो, मग तिच्यावर टायमर लावतो. वायर निघाली की आधी मेमरीच सोडतो. टायमर वाजतो, मेमरी शोधतो आणि सगळं कोसळतं."

"म्हणजे परांचीवर माणूस उभा आणि खालचे बांबू सोडले! अगं, बांधायची खालून वर, सोडायची वरून खाली. शेंबडं पोरही सांगेल."

"माहितीय रे. पण तो क्रम प्रत्येक ड्रायव्हरनं आपला आपण लक्षात ठेवायचा, तिथेच सगळे..." ती मधेच थांबली. "पण ड्रायव्हरनं का ठेवायचा? कर्नलच ठेवेल की! काय काय घेतलं त्याची नोंद तो करेल, आणि वायर निघाली की शेवटचं आधी सोडेल."

तीन आठवडे ताई नुसती खोडत होती. सहाशे ओळींचा ड्रायव्हर दोनशेवर आला. मग बाबांना पट्टीसमोर बसवून म्हणाली, "बाबा, वाचता वाचता उपटा."

बाबांनी वायर चाचपली. उपटली. कॉम्प्युटर चालूच! परत जोडली, तर वाक्य जिथं तुटलं होतं तिथूनच पुढे. मग बाबांना असा चेव चढला की शंभर वेळा उपटली, मोठ्यानं मोजत. मी नाचायचाच बाकी होतो.

हेडमास्तरचं उत्तर दोन शब्दांचं: "घेतलं. छान." शिवाय याच पद्धतीनं आणखी सतरा ड्रायव्हर आटोपशीर करायचं काम त्यानं ताईवरच सोपवलं. जितं मया!

त्या लोकांत एक रीत आहे: दुरुस्ती ज्यानं तपासली, त्याचं नाव तिच्याखाली कायमचं लिहायचं. ताईनं ते पान पट्टीवर उघडलं. बाबांची बोटं सरकत सरकत शेवटच्या ओळीवर आली, थांबली, परत मागे गेली.

"अगं, हे तर माझंच नाव," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा वाचलं.