पिंडीवरचा नाग

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण तापीकाठच्या त्या देवळाचं प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. नंदुरबार तेव्हा जिल्हा नव्हता, पश्चिम खानदेशातला एक तालुका होता. मी नवा फौजदार होतो.

महाशिवरात्रीच्या आदल्या सकाळी एका गावच्या महादेवाचा पुजारी देवळाच्या पंचांना घेऊन ठाण्यात आला. सणासाठी उजळायला म्हणून पंचांनी पिंडीवरचा चांदीचा नाग मागितला, तर तो जागेवर नव्हता. पुजाऱ्याने फिर्याद दिली आणि संशयितही सांगितला. सातपुड्यातून आलेला एक पावरा आदिवासी पहाटेपासून देवळाभोवती घुटमळत होता म्हणे.

तासाभरात त्या माणसाला घाटावरून उचलून आणलं. सोबत बायको होती, तिच्या कडेवर तान्ही मुलगी. गाठोड्यात एक नारळ, गूळ आणि भाकरी निघाल्या. नाग नव्हता. त्याने तो कुठेतरी पुरला असेल, असं पुजारी म्हणाला आणि मला ते पटलं. अटक मी डायरीत दाखवली नाही. चौकशीला बसवून ठेवलंय, असं आम्ही म्हणत असू.

त्याला मराठी येत नव्हती. मी हाताचा फणा करून विचारायचो आणि तो त्याच्या पावरी बोलीत भराभर काहीतरी सांगायचा, हाताने टोपलीचा आकार करायचा, नदीकडे बोट दाखवायचा. म्हणजे नदीवर लपवलाय, असा मी अर्थ लावला. तो जिथे उतरला होता ती वाळू शिपायांनी उपसली. काही मिळालं नाही. हा आपल्याला खेळवतोय असं वाटलं आणि मी माझ्या जुन्या जमादाराला मान हलवून खूण केली. त्याने तळपायांवर काठी चालवली. माझा हात लागला नाही, पण मी त्याच खोलीत खुर्चीवर बसलो होतो. काय बोलतोय तो, असं मी एकदा विचारलं. जमादार म्हणाला, “काही नही साहेब, नुसता रडी ऱ्हायना.”

बायको आवारातल्या निंबाखाली तीन दिवस बसून होती. समोरच्या रस्त्याने लोक यात्रेला गेले आणि परतलेही. तिसऱ्या दिवशी भाकरी संपल्या, तेव्हा तिने देवासाठी आणलेला नारळ फोडून खाल्ला. मुलगी अंगावर पीत होती.

त्याच दुपारी तळोद्याहून जंगल खात्याचा एक नाकेदार काही कामासाठी ठाण्यात आला. डोंगरात नोकरी केल्यामुळे त्याला पावरी येत होती. निंबाखालच्या बाईशी तो थोडा वेळ बोलला, मग परवानगी घेऊन लॉकअपमधल्या माणसाशी बोलला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. त्याने मला सगळं सांगितलं. या जोडप्याची चार मुलं दगावली होती. पाचवी जगली, म्हणून तिला देवाच्या पायांवर घालायला ते दोन दिवस चालत आले होते. पहाटे घाटावर आंघोळीला गेले असताना पुजारी निर्माल्याची टोपली घेऊन आलेला त्यांना दिसला. टोपलीतून त्याने नाग काढला, फडक्यात बांधला आणि वरच्या अंगाला एका बाभळीखाली पुरला.

“त्याला वाटलं, सणाआधी तुमच्यात देवाला असंच नदीवर नेत असतील,” नाकेदार म्हणाला. “पहिल्या दिवसापासून तो हेच सांगतोय, साहेब.”

देवळात तर त्याने पाऊलही टाकलं नव्हतं. आत गर्दी आहे, बोलावीन तेव्हा ये, असं पुजाऱ्याने त्याला खुणेने बजावलं होतं. तो बाहेर वाट बघत उभा राहिला. तेच त्याचं घुटमळणं.

बाभळीखाली हातभर खोल नाग निघाला. पुजाऱ्याला मी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्याच्यावर कोणी आवाजही चढवला नाही आणि थोड्याच वेळात त्याने कबूल केलं. संध्याकाळी पंच आले. गावाची अब्रू जाईल म्हणाले. नाग नदीकाठी सापडला, आमचा कोणावरही संशय नाही, असा जबाब त्यांनी लिहून दिला आणि मी तो घेतला. महिन्याभराने पुजारी पुन्हा गाभाऱ्यात होता. मुद्देमाल चोवीस तासांत परत मिळवला, असं मी वर खोटंच कळवलं, तीन दिवसांचं कोणी विचारलं नाही. मला शाबासकीचं पत्र आलं.

त्या माणसाला सोडताना मी नाकेदाराला सांगितलं, की मी स्वतः यांना गाभाऱ्यात नेतो, मुलीला देवापुढे ठेवू दे. नाकेदाराने ते त्याला समजावून सांगितलं. तो बायकोकडे बघत राहिला, मग खाली मान घालून हळूच काही बोलला.

“काय म्हणतो?”

“घरी जायची परवानगी आहे का, असं विचारतोय, साहेब.”

मी हो म्हटलं. गाठोडं आणि मूल दोन्ही बायकोने घेतलं. तो भिंतीला धरून फाटकापर्यंत गेला, पुढे तिच्या खांद्याला धरून.

पुढच्या नोकरीत मी दुभाष्याशिवाय डोंगरातल्या माणसाचा जबाब कधी घेतला नाही. वरिष्ठांनी त्याचं कौतुकही केलं. पण कारण भाषेचं नव्हतंच, हे मला तेव्हाही माहीत होतं. दुभाष्यासाठी तळोद्याला निरोप पाठवायला अर्धा दिवस लागला असता. या माणसाकडे सांगण्यासारखं काही असेल, असं मला वाटलंच नव्हतं.