मामांच्या हिरड्यांची गलाई

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट पारखल्याशिवाय पदरात घेतली नाही, आणि त्यात मीही आलो. मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीची मंडळी माझा पगार विचारत होती आणि हे गृहस्थ खिशातून भिंग काढून माझ्या बोटातली अंगठी न्याहाळत होते. भिंगावर भागेना म्हणून त्यांनी ती मागून घेतली, सरळ दाताखाली धरली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "सोनं बेताचंच हाय, पण पोरगं खोटं बोलत न्हाई. 'मला ह्यातलं कळत न्हाई' म्हणून आधीच सांगितलं त्यानं." लग्न ठरलं. अंगठी मी रुमालाला पुसून घातली.

मामा कडेगावच्या बाजूचे. विट्याकडच्या कितीतरी माणसांसारखं त्यांनीही दूर दक्षिणेत दुकान थाटलं आणि पस्तीस वर्षं गलाई केली, म्हणजे लोकांचं सोनं भट्टीत गाळून शुद्ध करून दिलं. आता दुकान मुलगा सांभाळतो आणि मामा गावी ऊस सांभाळतात. भट्टी सुटली, पण खोडी काही सुटल्या नाहीत. गलाईच्या दुकानात जमिनीवरची धूळही फेकत नाहीत, कारण तिच्यात सोन्याचे कण असतात. त्यामुळे मामींनी घरात केरसुणी हातात घेतली की मामा अजून ओरडतात, "केर बघून टाक गं!" आणि दात लावून बघण्याला तर सीमाच नव्हती. ज्वारी, शेंगा, घमेल्याचा काठ, काही म्हणून सुटायचं नाही. विट्याच्या बाजारात एकदा त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीचा हात चावून बघितला. दुकानदार बिचारा हात जोडून म्हणाला, "आवं आजोबा, बसायची हाय ती!"

पण त्या दातांचं खरं काम वेगळंच होतं. मामींच्या तोंडात एकही दात नाही आणि ऊस म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दिवाळी झाली की रोज संध्याकाळी मामा उंबऱ्यावर बसून दातांनी ऊस सोलणार, त्याचे बोटाएवढे तुकडे करून वाटीत घालणार आणि मामी ते हिरड्यांनी दाबून चोखत बसणार. यंदाच्या हंगामात त्या पांढऱ्या तुकड्यांवर लाल डाग दिसायला लागले. मामांनी खापर उसावर फोडलं. ऊस आतून लाल पडण्याचा एक रोग असतो, तोच आला म्हणून त्यांनी कृषी सहायकाला बोलावलं. त्या भल्या माणसानं दहा ऊस उभे चिरले. दहाही पांढरेशुभ्र! मग त्यानं मामांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "काका, रोग उसाला न्हाई." त्याच दिवशी मामींचा मला सांगलीला फोन आला, "जावईबापू, ह्यांना डॉक्टरकडं न्या. रगात येतंय म्हणून ह्यांनी दात घासायचंच सोडलंया, आणि वर मशेरी लावत्यात!"

आता मामा एका डॉक्टरवर भागवतील तर शपथ. पहिल्यानं सांगितलं, बरेच दात हलतायत, काढून कवळी बसवा. दुसरा म्हणाला, हिरडी उघडून शस्त्रक्रिया करू. मामांनी एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही. "दोन पारख्यांचं जमंना, की तिसऱ्याकडं जायचं असतंय," असं म्हणून त्यांनी मला मिरजेला नेलं. म्हणजे गाडी मीच चालवत होतो, पण नेलं त्यांनीच.

तिथं हिरड्यांच्या डॉक्टर म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या एक बाई. खुर्चीत बसल्या बसल्या मामांनी भिंग काढलं. "बाई, आधी तुमी तोंड उघडा." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र हसल्या आणि खरोखरच त्यांनी आ केला! मामांनी चारी बाजूंनी बघून घेतलं. "चोख हाय," ते म्हणाले, आणि मगच स्वतःचं तोंड उघडलं.

बाईंनी खुणा केलेली एक बारीक सळई घेऊन प्रत्येक दाताभोवती हिरडी किती मिलिमीटर सुटली आहे ते मोजलं. "तीन, पाच, सहा, रक्त," असं त्या सांगत होत्या आणि नर्स लिहून घेत होती. मामा भलतेच खूश. "पाव्हणं, हितं मोजत्यात!" मग बाईंनी समजावलं. दात आणि हिरडी यांच्यामध्ये कप्पे झालेत, त्यात मळ बसून दगडासारखा झालाय आणि तो आतलं हाड खातोय. आधी भूल देऊन हिरडीच्या आतपर्यंत सफाई, मशेरी बंद, रोज नीट ब्रश, रक्तातली साखरही तपासायची. दोन-अडीच महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तरी कप्पे खोल राहिले तर तेवढ्या जागी शस्त्रक्रिया, आणि अगदीच तग धरणार नाही तो दात काढायचा. "काढणं सगळ्यात शेवटी," त्या म्हणाल्या. "दात राहावेत असं फारच मनात आहे वाटतं?"

मामा भिंग पुसत बसले. "आमच्या मंडळींचे दात असेच हलून गेले, बाई. येकेक करून. तवा मी तिकडं परमुलखात दुसऱ्याचं सोनं गाळत हुतो. तिला कुणी दवाखान्यात न्हेलं न्हाई. आता ऊस तरी सोलून द्याया पायजे का नको?"

सफाई झाली. खरवडून निघालेला मळ मामांनी हट्टानं कागदात बांधून घेतला. त्यांच्या रीतीनं काही फेकायचं नसतंच. चार दिवसांनी फोन. "पाव्हणं, घात झाला! दातांच्या मधी फटी पडल्या, पानी झोंबतंय. बाईनं माल काढला. घट लय आली!" गलाईत वजन कमी भरलं की त्याला घट म्हणतात. त्यात गावातल्या चार शहाण्यांनी सांगितलेलं, सफाईनं दात ढिले होतात. पुन्हा मिरज. मामांनी पुडी बाईंच्या टेबलावर ठेवली, पंचनाम्याला ठेवतात तशी.

बाईंनी शांतपणे विचारलं, "मामा, भट्टीतून सोनं निघालं की वजन कमी भरतं ना?"

"भरनारच की. हीण जळून जातंय."

"मग या पुडीत काय आहे?"

मामा पुडीकडं बघत राहिले. एकदा माझ्याकडं बघितलं. मग उठले आणि पुडी न उघडता कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. "गलाईच म्हना की ही," परतताना गाडीत ते स्वतःशीच पुटपुटत होते, "आन् मला कळू नये? मला?"

अडीच महिन्यांनी मोजलं तेव्हा सहाचे चार झाले होते आणि रक्त जवळजवळ थांबलं होतं. शस्त्रक्रिया टळली. खालचा एक दात मात्र गेला. आणि बाईंची सक्त ताकीद, की दातांनी ऊस सोलायचा नाही, हाड आधीच कमी झालंय. मामांनी घासाघीस केली, "येकच कांडं?" "अर्धंही नाही."

गेल्या महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा हंगाम सरत आला होता. मामा उंबऱ्यावर कोयता घेऊन ऊस सोलत होते, जन्मात पहिल्यांदाच, आणि तुकडे वेडेवाकडे होत होते. वाटी त्यांनी मामींपुढं सरकवली. मामींनी काय करावं? नवऱ्याच्या खिशातून भिंग काढलं आणि एकेक तुकडा उजेडात धरून तपासायला बसल्या. जगाला पारखणारा हा माणूस श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"पांढरा हाय," मामी म्हणाल्या आणि तुकडा तोंडात टाकला.

"आन् गोड?"

मामींनी बराच वेळ चोखला. "गोड हाय. तुमी दातानं सोलायचा तेवढा न्हाई." मग वाटीतला सगळ्यात बारीक तुकडा निवडून त्यांनी मामांच्या हातावर ठेवला. "घ्या. पर चावू नका, माझ्यावानी चोखा."

मामा चोखत बसले. दोघांचाही आवाज सारखाच येत होता.