बाकावरचा गोलरक्षक

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका सरकारी रुग्णालयात, हाडांच्या विभागात मी रजिस्ट्रार आहे, आणि बरीच वर्षं रजिस्ट्रारच आहे. म्हणजे वर कन्सल्टंट, खाली शिकाऊ डॉक्टर आणि मधल्या सगळ्या ड्यूट्या माझ्या. कोणी रजेवर गेलं की फोन मला येतो. आताशा रागही येत नाही, नुसता कंटाळा येतो.

अशाच एका कंटाळलेल्या बुधवारी तो ओपीडीत आला. चिनी, माझ्याहून हातभर उंच, इथल्या एका फुटबॉल क्लबाचा दुसरा गोलरक्षक. दुसरा गोलरक्षक म्हणजे काय, हे त्यानेच मला सांगितलं. मॅचआधी पहिल्याला सराव म्हणून त्याच्यावर बॉल मारायचे, मग जाड कोट घालून बाकावर बसायचं. पहिला पडला तरच आपली पाळी, आणि गोलरक्षक सहसा पडत नाहीत. चीनमध्ये हात लांब म्हणून लहानपणीच त्याला क्रीडाशाळेत घातलं होतं. पुढे तिथल्या क्लबांत तो असाच बसला, आणि इथे तरी खेळायला मिळेल म्हणून आला. इथेही बसलाच.

त्याचं मनगट चिकटपट्टीने गुंडाळलेलं होतं. सगळेच गोलरक्षक बोटं, मनगटं बांधतात, त्यामुळे क्लबात कुणाला काही वाटलं नव्हतं. मी पट्टी कापली तर अंगठ्याच्या मुळाशी सूज, आणि एक्स-रेमध्ये तिथल्या छोट्या हाडाला जुनी, न भरलेली चीर. कित्येक महिने त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. दुखतंय म्हटलं असतं तर बाकावरची जागाही गेली असती.

"ऑपरेशन करावं लागेल. तोवर बॉलला हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"शुक्रवारी मी खेळतोय."

पहिला गोलरक्षक तापाने आडवा झाला होता. हंगाम संपत आलेला, आणि क्लब याचा करार वाढवणार नव्हता. म्हणजे इथली त्याची पहिली मॅच, आणि बहुधा शेवटचीही.

जोरात आलेला बॉल मनगटावर बसला तर हात कायमचा आखडेल, चहाचा कप उचलतानाही दुखेल, असं मी समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टर, मग हा हात मी आजवर सांभाळला कशासाठी?"

खेळू नये असा सल्ला मी नोंदवला. त्याने नवी पट्टी मागून घेतली आणि एक टोक दातांत धरून स्वतःच बांधली.

शुक्रवारी संध्याकाळी मी निघालो तेव्हा बायको म्हणाली, "खेळू नको म्हणून तूच सांगितलंस ना? मग बघायला कशाला जातोयस?"

"हात मोडला तर कोणीतरी हवं ना."

"त्यांचा डॉक्टर असेल की तिथे. कधी नव्हे तो फ्रायडे ऑफ मिळालाय, जरा झोप काढ. आणि जाणारच असशील तर प्रेसमधला रेनकोट घे." कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता तीही म्हणते.

खरं तर मला त्याला खेळताना बघायचं होतं. डॉक्टरला लाज वाटावी अशी इच्छा, पण होती.

पाऊस सकाळपासून होता. रेफरी मैदानभर हिंडून ठिकठिकाणी हातातला बॉल सोडत होता, उसळतो का ते बघायला. गोलसमोर बॉल थप्पकन पडला आणि तिथेच बसला. मॅच पुढे ढकलली. माझ्या शेजारचा म्हातारा "आह, शुअर लुक", म्हणजे चालायचंच, असं म्हणाला आणि बारकडे वळला. इथे कुठलंही दुःख एवढ्यावरच आवरतात. नव्या तारखेपर्यंत पहिल्याचा ताप उतरणार, हे शेंबडं पोरही सांगेल. हातातोंडाशी आलेला घास गेला.

तो ग्लोव्हज घालून गोलच्या खांबापाशी उभा होता. मी कठड्याशी गेल्यावर तो जवळ आला. त्याचा हात वाचला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. मला रडू येत होतं.

"सोमवारी या. ऑपरेशनचं बघू," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. ग्लोव्ह काढून कोटाच्या खिशातला फोन हातात घेतला, पण लावला नाही.

"आई जागी आहे. तिकडे पहाट व्हायला आली असेल. फोनवर मॅच दिसेल म्हणून बसलीय. काय सांगू तिला?"

माझी आई साताऱ्यात असते, आणि मी कन्सल्टंट कधी होणार हे दर रविवारी विचारते. तिला देतो तेच उत्तर माझ्या जिभेवर होतं.

"पुढच्या वेळी नक्की, असं सांगा."

"ते तिला पाठ झालंय," तो म्हणाला.