आईच्या मापाची जीप

माणिकपूरच्या त्या मेकॅनिकला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय नव्हती. तो टायरशी बोलायचा आणि उत्तर आपण द्यायचं.

मित्रांनी जीपा उंच करून घेतल्या होत्या आणि पावसाळ्यात आमच्या वाडीच्या रस्त्यावर पाणी साचायचं. मी ऐटीत सांगितलं, "जीप उंच करायचं सस्पेन्शन किट टाका, चार इंचांचं."

"रोज कोन बसतं हिच्यात?" त्याने टायरला विचारलं.

"मी आणि आई. सकाळी तिला चर्चमध्ये मिस्साला सोडतो."

"मग उद्या मावशीला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्याने जॅकने जीप चार इंच उचलली, चाकांखाली इंचाइंचाच्या लाकडी ठोकळ्यांचे चार थर सरकवले आणि आईला म्हणाला, "चढा." आईने लुगडं सावरून पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. मी पुढे झालो.

"हात नको देऊ," तो म्हणाला.

त्याने एक थर काढला. तरीही जमेना. आणखी एक काढला, तेव्हा आई कुणाला न धरता वर जाऊन बसली. त्याने मोजपट्टी लावली. "दोन इंच."

"आणि पाणी?"

"दोन इंचात गाडी निघते. नाय निघाली तर त्या दिवशी घरी बस."

मित्र माझ्या जीपला बुटकी म्हणायचे. म्हणोत. आई तिच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्या जीपमध्ये स्वतःच्या पायांनी चढली.