सभासदत्व रद्द

त्यांना आम्हीच निवडून दिलं. नारायण पेठेतल्या आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षपदासाठी ते उभे राहिले, तेव्हा माझे यजमान त्यांच्यासाठी दारोदार फिरले होते. निवृत्त प्राध्यापक, वाणी गोड. आल्या आल्या त्यांनी गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं, नवे पंखे लावले. सगळे खूश.

मग वार्षिक सभा पुढे ढकलली गेली. मग पुन्हा. त्यांच्याविरुद्ध वाचकाचं पत्र छापणारं वर्तमानपत्र वाचनालयात यायचं बंद झालं. चिटणिसांनी हरकत घेतली आणि लगेचच 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा दिला. प्रकृती ठणठणीत होती, रोज पर्वती चढत होते. अध्यक्षांची मुदत संपली तरी कार्यकारिणीत निवडणुकीचं नाव कोणी काढेना.

अखेर सभा झाली तेव्हा हे उठून उभे राहिले. "निवडणूक कधी?"

"अहो, तुम्हाला एवढी घाई कसली? कुठे जायचंय का?" अध्यक्ष म्हणाले. सभागृह हसलं.

थोड्याच दिवसांत फलकावर सूचना लागली. संस्थेची बदनामी केल्याबद्दल यांचं सभासदत्व रद्द. हे नेहमीप्रमाणे सकाळी गेले, तर शिपाई दारातच मान खाली घालून म्हणाला, "सर, वरून सांगितलंय." हे घरी आले आणि बाहेरच्या कपड्यांतच खुर्चीत बसून राहिले. मी घरी पेपर सुरू केला, पण यांनी तो कधी धड उघडला नाही. त्याच हिवाळ्यात हृदयविकारानं गेले. अपमानानं गेले, असं डॉक्टर लिहून देत नाहीत.

अध्यक्ष हार घेऊन घरी आले. मी दारातच म्हटलं, "हार परत न्या. हे तुमचे सभासद नव्हते."

तेव्हाच ठरवलं, या माणसाला खुर्चीवरून खाली ओढायचं. देवापुढे दिवा लावतानाही माझ्या मनात तेच असायचं.

मी धर्मादाय कार्यालयात तक्रार केली. त्यांचे वकील तारखा मागत राहिले, मी प्रत्येक तारखेला हजर. पहिल्याच सुनावणीत मी तावातावानं बोलू लागले, तेव्हा समोरच्या अधिकारी बाई म्हणाल्या, "राग बाहेर ठेवा. संस्थेच्या घटनेत मुदतीबद्दल काय म्हटलंय, ते दाखवा." मी दाखवलं. वेळ लागला, पण देखरेखीखाली निवडणूक घेण्याचा आदेश निघाला. आदेश निघाल्यावर कार्यकारिणीतल्या दोघांना एकदम कंठ फुटला. "आमचा आधीपासूनच विरोध होता," म्हणाले. त्यांनाही मी विसरलेले नाही.

अध्यक्ष पडले. मी कार्यकारिणीवर निवडून आले, आणि पहिल्याच बैठकीत विषय मांडला, "माजी अध्यक्षांचं सभासदत्व रद्द करा. आजच."

सगळे माना डोलवायच्या बेतात होते. एवढ्यात नव्या चिटणीसबाई बोलल्या. हडपसरच्या आयटी कंपनीत नोकरी करणारी, माझ्या मुलीच्या वयाची ती. "काकू, त्यांना नोटीस दिलीय का? त्यांचं म्हणणं ऐकलंय? मग आज हा विषय घेता येणार नाही."

"यांना कुठे दिली होती नोटीस?"

"नव्हती दिली. म्हणून तर ते चूक होतं ना, काकू."

मला तिचाही संताप आला. पण रीतसर नोटीस गेली आणि ते आले, समोरच्या साध्या खुर्चीवर बसले. मी विचारलं, "माझ्या यजमानांना असं बोलावलं का नाहीत?"

त्यांनी थोडा विचार केला. "खरं सांगू? कोण ते, मला नीटसं आठवत नाही."

त्यांच्यावर हात उचलायला हवा होता, असं आजही वाटतं. मतदान झालं. यांच्यावरची कारवाई बेकायदा होती, असा ठराव एकमतानं झाला. माजी अध्यक्षांना काढण्याच्या बाजूनं मात्र माझं एकटीचंच मत पडलं. चिटणीस म्हणाली, "काकू, हरलात तरी बरोबर झालं." मी तिच्याशी महिनाभर बोलले नाही.

आता ते रोज सकाळी वाचनालयात येतात. त्यांचं आवडतं वर्तमानपत्र मला ठाऊक आहे, त्याची एकच प्रत येते. शिपाई दार उघडायच्या आधीच मी पायरीवर जाऊन उभी राहते आणि सगळ्यांत आधी ती प्रत उचलते. अग्रलेख वाचते, मग निधनवार्ता, मग वधू-वर पाहिजे, मग जागा भाड्याने देणे. ते समोर बसून घड्याळ बघतात. परवा म्हणाले, "बाई, आपलं झालं का?"

"अहो, तुम्हाला एवढी घाई कसली?" मी म्हटलं, आणि शेअर बाजाराचं पान उघडलं. त्यातलं मला ओ की ठो कळत नाही.