नागझरीपलीकडचं घर

वाटण्या झाल्या तेव्हा तांबट आळीतलं घर थोरल्या चुलतसासऱ्यांकडे गेलं आणि आमच्या वाट्याला नागझरीच्या ओढ्यापलीकडची जागा आली. त्या बाजूला पेठ नुकतीच वसत होती. दोन घरं, मग निवडुंग, पुन्हा दोन घरं. भांडण असं झालं नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, थोरल्या भावासमोर कधी मान वर करून बोललेच नव्हते; त्या दिवशीही बोलले नाहीत. हातोडे नि मेखा गाठोड्यात बांधल्या आणि म्हणाले, "चला."

मी मांजरीवाचून निघायला तयार नव्हते. तिची आई कुत्र्यांनी मारली तेव्हा कापसाच्या बोळ्याने दूध पाजून मी तिला जगवली होती. मनी म्हणायचो, सगळेच म्हणतात तसं. दिवसभर ती मामंजींच्या भट्टीशेजारी कोळशाच्या पोत्यावर पडलेली असायची. आळीत दारोदार तांब्यावर ठोके पडत. नव्या माणसाच्या कानठळ्या बसत, आणि ही बया पोट वर करून झोपलेली.

"राहू दे की इथं," चुलतसासूबाई म्हणाल्या. "उंदीर तरी खाईल."

"ती माझ्याबरोबर येईल," मी म्हटलं. वडीलमाणसांपुढे मी तोवर असं बोलले नव्हते. माझं मलाच नवल वाटलं.

माझ्या यजमानांनी तिला डालग्यात कोंडली आणि वरून माझं जुनं लुगडं घट्ट बांधलं. मांजराला गोल फिरवलं की ते परतीची वाट विसरतं, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. म्हणून नागझरी ओलांडल्यावर डालगं डोक्यावर घेऊन ते भर रस्त्यात स्वतःभोवती फिरू लागले. आत मनी किंचाळत होती. दोन घोडेस्वार लगाम खेचून बघत राहिले.

मामंजी एवढंच म्हणाले, "तिचं झालं की मलाही एकदा फिरव."

कुणी हसलं नाही.

नव्या घरात लुगडं सोडताच मनी भिंतीवरून माळ्यावर गेली आणि वासा नि कौलं यांच्यामधल्या फटीत शिरली. मी दूधभात ठेवला, हाका मारल्या, शिडी लावून हात घातला. तिने ओरबाडलं. संध्याकाळी भात तसाच, सकाळीही तसाच. यजमानांना तोफखान्यात काम मिळालं होतं, ते उजाडताच निघून जात. घरात मी, मामंजी आणि ते फटीतले दोन डोळे. माझं कशात मन लागेना. चुलीवर काही ठेवलं की मी माळ्याखाली जाऊन उभी राहायची, तोवर इकडे उतू गेलेलं असायचं.

शेजारी एका शिलेदाराची बायको राहायची. फौजेबरोबर मुलूखभर हिंडलेली, उंच, आवाज मोठा. माझे ओरबाडलेले हात पाहून तिने सगळं विचारून घेतलं आणि म्हणाली, "आधी ती शिडी काढ. तू पाठीस लागलीस तर ती आणखी आत जाईल. एवढीच खोली तिला दे, दार लावून घे. तुझं नेसतं लुगडं खाली टाक, न धुतलेलं. आणि तू तिच्याकडे बघू नकोस."

"बघू नको तर काय करू?"

"काम कर. घरात माणसं रोजच्यासारखी वागताना दिसली की जनावराला धीर येतो. छावणीत घोड्यांचंही तसंच असतं."

अडचण ही होती की आमच्या घरात रोजच्यासारखं कुणीच वागत नव्हतं. मामंजी ओट्यावर बसत, आत येत, पुन्हा ओट्यावर जात. गाठोडं कोपऱ्यात जसं आणलं तसंच होतं. पानावर बसले तरी दोन घासांत उठायचे. एकदा कान टवकारून म्हणाले, "काय हे. माणूस मेल्यासारखं सामसूम."

दुसऱ्या दिवशी शेजारीण पोचे पडलेला हंडा घेऊन आली. "एवढा सारखा करून द्या, आजोबा."

"मी काम सोडलंय."

"मग ती हत्यारं कशाला आणलीत? तिकडेच ठेवायची."

मामंजींच्या कपाळाची शीर उठली. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी मान फिरवली. ती हंडा तिथेच ठेवून निघून गेली.

दुपारी मी दळायला बसले होते, तेव्हा गाठ सोडल्याचा आवाज आला. मी मागे वळले नाही. मामंजींनी माळ्याखालच्याच खोलीत भांडं टेकवून ठोकायची मेख रोवली, चिंचेच्या कोळाने हंडा घासला आणि पहिला ठोका घातला. मग दुसरा. बराच वेळ हात चुकत होता, ठोका मागेपुढे पडत होता. पुढे हात बसला. सबंध घर दणाणू लागलं.

माळ्यावरून माती पडली. जातं थांबवायचं नाही असं ठरवूनही माझा हात थांबला. मनी पोट जमिनीला घासत खाली उतरली. तिच्या मिशांना जळमटं लागली होती. भाताकडे ती आधी गेलीच नाही. मामंजींच्या मागून फिरून त्यांच्या पाठीशी बसली, ठोक्यांत बसून राहिली आणि मग उठून सगळा भात खाल्ला. धावत जाऊन तिला उचलावंसं मला इतकं वाटत होतं की मी जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"आली का?" मामंजींनी न बघता विचारलं.

"आली."

"दळ मग."

पुढे बरेच दिवस मी दार लावूनच ठेवलं. मग शेजारीण म्हणाली, आता सोड, उपाशीपोटी सोड, जेवायला परत येईल. मी सोडली. ती कुंपणापर्यंत गेली, निवडुंग हुंगला आणि दिसेनाशी झाली. भाकरीची वेळ टळली तरी आली नाही. मी पदर खोचला आणि नागझरी ओलांडून थेट तांबट आळी गाठली. चुलतसासूबाई दारातच होत्या. मनी तिथे नव्हती. त्यांनी पाणी दिलं. मामंजींच्या भट्टीच्या जागी आता सरपण रचलेलं होतं. मी पाणी प्यायले आणि परत निघाले.

घरी आले तर मनी शेजारणीच्या भिंतीवर बसून पाय चाटत होती.

"ही कितीदा तरी तुमच्या दारात जाऊन आली," शेजारीण म्हणाली. "घरात तूच नव्हतीस."

मनीचं नव्या घरात बस्तान बसलं. मला वेळ लागला. कितीतरी दिवस मी जुन्या घरच्या सगळ्या माणसांपुरतं पीठ मळत होते, आणि उरलेल्या भाकऱ्यांकडे बघून मामंजी विचारायचे, "भाऊ जेवायला येणार आहेत काय?"

एक दिवस ते खरंच आले. आधी सांगितलं नाही, नंतरही कारण सांगितलं नाही. ओट्यावर बसले, जेवले. दोघे भाऊ तांब्याचा पत्रा हल्ली किती पातळ येतो यावर बोलत राहिले, दुसरं काही नाही. ते गेल्यावर मामंजी आत न येता रस्त्याकडे बघत उभे होते. मी ताटं उचलली.