थावराचं नाक आणि जिवनबाईची ओढणी

कळमनुरीकडच्या तांड्यातली जिवनबाई लई फटकळ. रस्त्यानं जाणाऱ्या बैलालाबी टोमणा मारल्याबिगर सोडायची न्हाई. पण लेकाच्या नाकाचा विषय निघाला, की बाई एकदम मुकी.

तिची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरा थावरा झाला तवा म्हाताऱ्या म्हणाल्या, याचं नाक टोच, म्हंजे पोरगी समजून मरण पुढं जाईल. टोचायला सोनार लागतो, तो बसला बाजारगावात. हिला कुठं दम? पाचव्या दिवशी हिनंच बाभळीच्या काट्यानं टोचलं. मरण गेलं पुढं, पण नाक पिकलं अन् डावी नाकपुडी शेंड्यासकट झडली. तवापासून सात वर्षं, माणूस दिसलं की ओढणी पोराच्या तोंडावर. लोकांना वाटायचं लेकराला झाकती. झाकायची ती स्वतःची करणी.

एक्केचाळीस साली रेल्वेनं हैदराबादच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं कपाळाची कातडी सोडवली, पीळ देऊन खाली वळवली अन् त्या कातडीचंच नाक केलं. भुवयांपाशी देठ तसाच जोडलेला ठेवला. नव्या नाकाला रक्त त्यातूनच जाणार, तीन हप्ते त्याच्यावर कशाचाच दाब नको, असं दोनदा बजावलं. पोरगं दिसायचं बारकी सोंड फुटल्यावानी. शेजारच्या खाटांवरची लेकरं टकामका पाहायची, अन् ही भिंतीकडं तोंड करून बसायची.

नवव्या दिवशी दीर नेमसिंग तांड्यातून भेटायला आला. दारात त्याचं पागोटं दिसलं, अन् बाईनं ओढणी पोराच्या तोंडाभवती गुंडाळून मागं करकचून गाठ मारली. नेमसिंग म्हंजे गप्पांचं पोतं. खांड्या बैल अन् नवी जवारी यातून उठेचना.

"याडी, दुखून राहिलं," पोरगं ओढणीतून आईला म्हणालं.

"गप. काका बसलेत."

काका गेल्यावर गाठ सोडली, तर नाक जांभळावानी काळं. ती अनवाणीच धावत डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं रक्त येतं का पाहायला नाकाला सुई टोचली. किती वेळ काहीच येईना. मग काळपट थेंब आला.

"कोणं बांधलं हे?"

सिस्टरचं नाव घेता आलं असतं, पोरावर ढकलता आलं असतं. बाईची मान खाली गेली.

"म्या बांधलं. हे एकच न्हाई, पयलं नाकबी म्याच घालवलं."

डॉक्टर वाकून देठच तपासत राहिला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तांड्याकडं निघण्याआधी नेमसिंग परत आला. तिचे हात ओढणीकडं गेले. मग तिनं ते मांडीखाली दाबले अन् त्यावरच बसली.

"याडी, काका पाहून राहिला," थावरा कुजबुजला.

"पाहू दे."

नाक जगलं, पण एका बाजूची नखाएवढी कडा वाळून गळाली. तांड्यात कोणी विचारलं, डॉक्टर चुकला का, तर तिचं तोंड आधी लाल व्हायचं, मग उत्तर यायचं: "न्हाई. ते म्या केलं."

सांगायला तिला दर बारी तेवढंच जड जायचं.